सॅम्पलिंगवरच्या लघुप्रबंधाला नाव काय द्यावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही संगीत विषयात एम.ए. करता, लघुप्रबंध ‘सॅम्पल-आधारित संगीता’वर, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून केलेल्या गाण्यांवर आहे, पुढच्या सोमवारी विभागात शीर्षक द्यायचंय आणि तीन नावं तयार आहेत : ‘सॅम्पल-आधारित संगीत : एक चिकित्सक अभ्यास’, ‘चोर की कलावंत? सॅम्पलिंगचे नैतिक प्रश्न’ आणि ‘कापा, जोडा, वाजवा’. यांतलं कोणतं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय : ‘लताबाईंचा आवाज अमेरिकेतल्या एका गाण्यात अचानक ऐकू आला, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.’

तिन्ही नावं सध्या बाजूला ठेवा. तुमचं शीर्षक त्या शेवटच्या वाक्यात आहे.

मी बारा वर्षं ध्वनिसंकलन केलं आणि त्यानंतरची सतरा-अठरा वर्षं प्रबंध करून घेण्यात आणि तपासण्यात गेली. मुलं विषयाचं नाव हेच शीर्षक समजून सुरुवात करतात, हे मी फार वेळा पाहिलंय. विषय सांगितला की गाव कळतं, घर कळत नाही. तुम्ही नेमकं काय ऐकलं आणि ऐकून काय विचारलं, हे शीर्षकातून कळायला हवं. सॅम्पलिंगच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. इथे तुम्ही निवडलेला एकेक शब्द आधीच निकाल देऊन बसलेला असतो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्या नावापासून बघू. ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही शेपटी कशालाही लागते, ज्ञानेश्वरीला आणि ऊस उत्पादनालाही. ती काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. ‘सॅम्पल-आधारित संगीत’ एवढंच उरतं. यात १९४८ साली पॅरिसमध्ये बातिन्योल स्थानकावरच्या रेल्वे इंजिनांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांची रचना बांधणारे पिएर शेफर येतात, १९७३ च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत रेकॉर्डमधला तालाचा तुकडा दोन प्रतींवर आलटूनपालटून लांबवणारा डीजे कूल हर्क येतो, आणि आज मोबाइलवर बीट बनवणारा अकरावीतला मुलगाही येतो. शंभर पानांत हे सगळं कसं मावेल? परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील, ‘शेफर कुठे आहे?’ आणि ते विचारायला तुम्हीच त्यांना जागा दिलेली असेल.

त्यातही ‘सॅम्पल’ हा शब्द फसवा आहे. ध्वनी-अभियंत्याला सॅम्पल म्हटलं की सीडीवरचे सेकंदाला ४४,१०० आकडे आठवतात. चित्रपटाचं पार्श्वसंगीत करणाऱ्याला संगणकातला तयार वाद्यवृंद आठवतो. एकेक स्वर वेगवेगळा मुद्रित केलेली व्हायोलिन, बासऱ्या, तबले. त्याच्या लेखी ‘सॅम्पल-आधारित’ म्हणजे खऱ्या वादकांशिवाय केलेलं काम. समाजशास्त्राच्या माणसाला पाचशे घरांचं सर्वेक्षण आठवतं. तुम्हाला यांतलं काहीच म्हणायचं नाहीये. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून त्यातून नवं गाणं केलं जातं, ते तुम्हाला म्हणायचंय. मग तेच शब्द शीर्षकात यायला हवेत.

यावर उपाय म्हणून मराठी प्रतिशब्द घ्यायचा मोह होतो. तो टाळा. माझ्या एका विद्यार्थिनीने सगळं शुद्ध मराठीत हवं म्हणून ‘नमुना-आधारित संगीतनिर्मिती’ असं शीर्षक दिलं आणि मीही सही केली. दोन वर्षांनी तिला स्वतःचाच प्रबंध ग्रंथालयात मिळेना. तो संशोधनपद्धतीच्या कपाटात, नमुना-निवडीवरच्या पुस्तकांशेजारी लावलेला होता. ग्रंथपालांची काही चूक नव्हती, त्यांनी पाठीवर जे वाचलं तसंच लावलं. दोन वर्षं ते काम कुणाच्या हाती पडलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी ‘सॅम्पल’, ‘सॅम्पलिंग’ हेच शब्द ठेवायला सांगते. स्टुडिओत कुणी दुसरा शब्द वापरत नाही.

आता ‘चोर की कलावंत?’. हे नाव तुमचं सगळ्यात आवडतं असणार, कारण त्यात नाट्य आहे. पण हा प्रश्न तुमचा नाही, न्यायालयाचा आहे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश केव्हिन डफी यांनी रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या निकालपत्राची सुरुवातच ‘चोरी करू नको’ या बायबलच्या आज्ञेने केली. गायक गिल्बर्ट ओसुलिवनच्या एका गाण्याचा तुकडा परवानगीवाचून घेतल्याचं ते प्रकरण. त्यानंतर परवानगी घेतल्याशिवाय तबकडी बाजारात आणणं मोठ्या कंपन्यांना परवडेनासं झालं आणि दहावीस तुकडे एकावर एक रचून गाणं करायची रीत पैशांअभावी मागे पडली. पुढे २००५ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने सांगितलं की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये तिसऱ्या न्यायालयाने मॅडोनाच्या गाण्यातल्या ०.२३ सेकंदाच्या ब्रास वाद्यांच्या फेकीबाबत म्हटलं की एवढ्याशा तुकड्याने काही बिघडत नाही. म्हणजे चोर की कलावंत याचं उत्तर न्यायालय बदललं की बदलतं. तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी असता, निकालपत्रं मुळातून वाचली असती, तर हा प्रश्न जरूर घ्यायचा. तुम्ही गाण्याच्या विद्यार्थिनी आहात. तुमच्याकडे कान आहे, त्याचं काम शीर्षकात दिसू द्या.

चोरी नको, तर मग काय म्हणायचं? ‘उसनवारी’ म्हणतात काही जण. पण उसनं घेतलेलं परत करायचं असतं, इथे काही परत जात नाही. ‘पुनर्वापर’ म्हटलं की वर्तमानपत्राची रद्दी डोळ्यांपुढे येते. ‘अवतरण’ हा शब्द अभ्यासकांना फार आवडतो आणि माझाही तो बराच काळ आवडता होता. अवतरण म्हणजे दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांत ठेवून लिहिणं. वाचणाऱ्याला ते दुसऱ्याचं आहे हे कळावं, हीच त्यातली अट. आता ही अट तुमच्याच गाण्यांना लावून पाहा.

तुम्ही नाव लिहिलं नसलं तरी ते अमेरिकी गाणं २००२ चं ‘अॅडिक्टिव्ह’ असावं. ट्रुथ हर्ट्स ही गायिका, निर्माता डीजे क्विक. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं, बप्पी लाहिरींच्या संगीतातलं ‘थोडा रेशम लगता है’ त्यात गाणंभर ऐकू येतं. लताबाईंचा आवाज समोर, झाकलेला नाही, बदलून टाकलेला नाही. गाणं ओळखू येतं, आणि ओळखू यावं अशीच मांडणी आहे. इथे ‘अवतरण’ बऱ्यापैकी बसतं. (बसूनही श्रेय द्यायचं राहिलंच. २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला आदेश द्यावा लागला की बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय तबकडी विकायची नाही.)

आता ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ ऐका. २००३ च्या अल्बममधलं, एकल गाणं म्हणून २००४ मध्ये आलेलं. त्यातली ती वर झेपावणारी, किंचाळल्यासारखी व्हायोलिनची फेक आहे ना, ती ‘एक दूजे के लिए’ मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातल्या व्हायोलिनच्या तुकड्यांपासून बनलेली आहे. तोही चित्रपट १९८१ चाच. मूळ गाणं लताबाई आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांचं, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. पण ‘टॉक्सिक’मध्ये आवाज दोघांचाही नाही, आणि मूळ गाणं तोंडपाठ असलेल्या माणसालाही सांगितल्याशिवाय ते ओळखू येत नाही. मी वर्गात दरवर्षी हे वाजवते. ‘तेरे मेरे बीच में’ गुणगुणत येणारी मुलंसुद्धा पहिल्या वेळी मान हलवतात, नाही म्हणून. मग दोन्ही तुकडे पाठोपाठ लावते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर एखाद्याचा चेहरा उजळतो. जे ओळखूच येत नाही त्याला अवतरण कसं म्हणायचं? तिथे ते तुकडे एखाद्या रंगासारखे वापरलेत.

एकाच वर्षातली दोन हिंदी गाणी, दीड-दोन वर्षांच्या अंतराने तिकडे पोचलेली. एकात ओळख हाच सगळा खेळ, दुसऱ्यात ओळखच पुसलेली. तुमचा लघुप्रबंध इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या नावाकडे येते. ‘कापा, जोडा, वाजवा’ यात एक चांगली गोष्ट आहे, ते क्रियापदांनी बनलंय. सॅम्पलिंग करणारे लोक कामाबद्दल क्रियापदांतच बोलतात : लूप केलं (तुकडा फिरवत ठेवला), चॉप केलं (कापला), पिच (सूर) खाली आणला. जोसेफ श्लॉस यांनी २००४ मध्ये या निर्मात्यांवर पुस्तक लिहिलं त्याचं नावही ‘मेकिंग बीट्स’, म्हणजे त्यांच्या तोंडचे शब्द आधी आणि ‘सॅम्पल-आधारित हिप-हॉपची कला’ हा खुलासा नंतर. तो क्रम शिकण्यासारखा आहे. पण तुमचं क्रियापद खरं आहे का, ते तपासा. ‘अॅडिक्टिव्ह’मध्ये मूळ गाणं कापून विखरून टाकलेलं नाही, ते लांब तुकड्यांत वाहत ठेवलंय. ‘कापा’ हे पहिलंच क्रियापद तिथे खोटं ठरतं. ‘टॉक्सिक’ला ते शोभेल. परीक्षकाने ‘कुठे कापलंय ते दाखवा’ म्हटलं तर दाखवता आलं पाहिजे, मिनिट-सेकंदांसह.

चांगलं शीर्षक कसं घडत जातं याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. एक मुलगा ‘संगीत तंत्रज्ञान आणि हिप-हॉप’ एवढंच घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, यंत्रांबद्दल बोलू नकोस, एका यंत्रासमोर बस. त्याने ई-म्यू कंपनीचं १९८७ चं एसपी-१२०० हे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र निवडलं. त्या यंत्रात सगळी मिळून साधारण दहा सेकंदांची जागा, आणि एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच. आता रेकॉर्डवरचा तीन सेकंदांचा ताल त्यात कसा बसवायचा? न्यूयॉर्कच्या निर्मात्यांनी युक्ती काढली : मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगावर लावायची, तसाच चढा तुकडा यंत्रात घ्यायचा, मग यंत्रात तो पुन्हा खाली आणायचा. तीन सेकंदांचा ताल सव्वादोन सेकंदांत मावतो. पण यंत्र १२ बिटचं आणि सेकंदाला सुमारे २६,००० आकडेच घेणारं, म्हणजे सीडीपेक्षा जाडंभरडं. त्यामुळे खाली आणताना आवाजाला एक दाणेदार खरखर चढते. काटकसर म्हणून केलेल्या युक्तीतून आलेली ही खरखर त्या काळच्या ड्रमची ओळख होऊन बसली.

आम्ही दोघांनी एक दुपार हेच करून पाहिलं. रेकॉर्ड चढ्या वेगात लावली, घेतली, खाली आणली. ड्रमच्या काठीचा ठोका अगदी वाळूतून ओढल्यासारखा बाहेर आला. तो मुलगा हसायला लागला आणि म्हणाला, ‘मॅडम, यंत्राला जागा कमी होती म्हणून हे असं वाजतंय!’ मी म्हटलं, हेच लिही. महिनाभराने शीर्षक ठरलं : ‘दहा सेकंदांची स्मृती : एसपी-१२०० च्या मर्यादा आणि न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधील ड्रमचा ध्वनी, १९८७–१९९३’. ‘स्मृती’ शब्द यंत्रालाही लागू आणि जुन्या रेकॉर्डच्या आठवणीलाही, ही मराठीची देणगी. शीर्षकाच्या पुढच्या भागात वस्तू, गाव, काय ऐकलं ते आणि साल. तोंडी परीक्षेत पिएर शेफरचं नाव कुणी काढलं नाही.

आता तुमच्या शीर्षकातले धोके, एकेक शब्द घेऊन.

‘अमेरिकी’ लिहू नका. ‘टॉक्सिक’ची गायिका अमेरिकी, पण निर्माते ब्लडशाय अँड अवांट ही स्वीडनची जोडी. ‘इंग्रजी पॉप’ म्हणा. ‘भारतीय संगीत’ही नको, त्यात धृपदापासून पोवाड्यापर्यंत सगळं येतं. ‘हिंदी चित्रपटगीत’ हा आपल्याकडचा नेमका शब्द आहे, तो असताना ‘बॉलिवूड’ कशाला?

‘सॅम्पल’ हा शब्द कुठल्या गाण्याला लागतो तेही नीट बघा. चाल घेणं वेगळं आणि ध्वनिमुद्रण घेणं वेगळं. हा फरक मराठी माणसाला समजावून सांगायला नको. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं लिहून कुठल्या गाण्यावरून ती घेतली ते छापलेलं असायचं. तिथे घेतलेली असते ती चाल, गळा नव्या नटाचा. १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणंही त्याच जातीचं : ‘शीक’ या बँडच्या गाण्याची बास त्यात स्टुडिओतल्या वादकांनी नव्याने वाजवली होती, पण लोक बिनदिक्कत त्याला सॅम्पल म्हणतात. तुम्हाला उद्या तिसरं गाणं घ्यावंसं वाटेल, ब्लॅक आइड पीजचं २००५ चं, ज्याला कल्याणजी-आनंदजींच्या दोन गाण्यांचा आधार आहे. घेण्याआधी त्यातला कुठला भाग मूळ ध्वनिमुद्रणातून आलाय आणि कुठला नव्याने गायलाय, ते वेगळं काढा. जमलं नाही तर ते गाणं सोडून द्या. दोन गाणी पुरेशी आहेत.

लताबाईंचं नाव शीर्षकात घालावं का? मन तिकडे ओढणार, माझंही ओढलं. पण नाव घातलं की ‘टॉक्सिक’ बाहेर जातं, कारण त्यात त्यांचा आवाज नाही, त्यांच्या गाण्यातली व्हायोलिन आहेत. फक्त ‘अॅडिक्टिव्ह’वर लिहायचं ठरवलंत तर नाव जरूर घाला, एका गाण्यावरचा लघुप्रबंध मला कमी वाटत नाही. पण दोन्ही ठेवलीत तर एका प्रश्नाला वाट मिळते, आणि तो प्रश्न मला फार जवळचा आहे : ती व्हायोलिन वाजवली कुणी?

सॅम्पलिंगवरच्या लेखनात तुकडा घेणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं आणि वाजवणाऱ्याचं हरवतं. १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा असंख्य गाण्यांत घेतला गेला, इंग्लंडमधलं ‘जंगल’ नावाचं वेगवान नृत्यसंगीत तर त्यावरच उभं राहिलं. सगळे त्याला ‘आमेन ब्रेक’ म्हणतात. तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमन यांचं नाव त्या नावात नाही, आणि त्या तुकड्याचे पैसेही त्यांना मिळाले नाहीत. २००६ मध्ये ते गेले.

आपल्याकडेही तसंच. मुंबईच्या स्टुडिओंत रांगेने बसून वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकांत आणि वाद्यसंयोजकांत कित्येक गोव्याचे होते. प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक. ते गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे शिकले, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातलं ते नाव गुरूंसाठीच आलं. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, संगीतकार आणि गीतकार असत, रांगेतल्या वादकांची नावं नसत. म्हणजे ‘टॉक्सिक’ ऐकणाऱ्याला ती व्हायोलिन अनोळखी आहेत, आणि मूळ गाणं ऐकणाऱ्यालाही वादक अनोळखीच आहेत.

म्हणून मी सुचवते ते असं : ‘ओळखीचा आवाज, अनोळखी व्हायोलिन : दोन इंग्रजी पॉप गाण्यांतील हिंदी चित्रपटगीतांच्या सॅम्पलचा श्रवणाधारित अभ्यास, २००२–२००४’. पहिल्या भागात तुमचा प्रश्न आहे. दुसऱ्यात काय, किती, कसं आणि कधी, हे आहे. ‘श्रवणाधारित’ मुद्दाम घातलाय. त्याने परीक्षकांना कळतं की कॉपीराइटचा ऊहापोह इथे मुख्य नाही, आणि तुम्हालाही बांधून घेतं की प्रत्येक विधान कानाने पडताळायचं. अर्जात इंग्रजी शीर्षकही द्यावं लागत असेल तर ते शब्दाला शब्द ठेवून करू नका, त्या भाषेत नव्याने लिहा. ग्रंथालयाच्या शोधात सापडावं म्हणून ‘सॅम्पलिंग’ आणि ‘हिंदी चित्रपटगीत’ हे दोन शब्द मात्र दोन्हीकडे राहू द्या. दोन्ही गाण्यांची नावं शीर्षकात नकोत, ती पहिल्या पानावर सारांशात येऊ देत.

शीर्षक देण्याआधी एक संध्याकाळ काढा. चारही गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका, वहीत दोन रकाने करा, मूळ गाण्यातला मिनिट-सेकंद एकीकडे आणि नव्या गाण्यातला दुसरीकडे. ‘टॉक्सिक’चा रकाना भरायला वेळ लागेल, वेग बदललेला असतो, सूर सरकलेला असतो. हातात पेटी घेऊन बसलात तर मदत होईल. हा तक्ता भरला गेला तर शीर्षक खरं आहे. भरता भरता वेगळंच काही सापडलं तर शीर्षक त्याप्रमाणे बदला. विषय-नोंदणीनंतर ते बदलायचं म्हणजे समितीपुढे अर्ज करत बसावं लागतं, आत्ता फक्त खोडरबर लागतं.

आणि १९८१ च्या सुमारास मुंबईत व्हायोलिन वाजवणारे आज सत्तरीच्या पुढचे असतील. ओळखीतून कुणाचा पत्ता लागत असेल तर विभागाकडे दोन आठवड्यांची मुदत मागून घ्या आणि आधी त्यांना भेटून या. रेकॉर्डर घेऊन जा, दोन्ही गाणी त्यांना ऐकवा, आणि ‘टॉक्सिक’ लावल्यावर ते काय म्हणतात ते तसंच उतरवून घ्या.